सदर, गादी आणि खुर्ची : भोर-वेल्हे परिसरातील जुन्या आसनांचा सामाजिक इतिहास व निवडीचे निकष

प्रस्तावना

जुन्या वाड्यांतील खुर्च्या, चौरंग, पाट, बाकडी आणि झोपाळे यांना शहरी घरांच्या दिवाणखान्यात आज मानाचे स्थान मिळाले आहे. मुंबईचा चोरबाजार, जोगेश्वरी-ओशिवऱ्याची लाकूडसामानाची दुकाने आणि पुण्याचा जुना बाजार येथे अशा वस्तूंची खरेदी-विक्री होते. निवड करताना लाकडाची जात, कोरीवकाम, वय आणि किंमत एवढ्याच बाबी सामान्यतः पाहिल्या जातात. वस्तुतः आसन हे इतर लाकूडसामानाहून वेगळे असते. कपाटात वस्तू राहते, आसनावर मात्र माणूस बसतो. आणि कोणी कोठे, किती उंचीवर, कोणासमोर बसावे हे सुताराने नव्हे, तर समाजाने ठरविलेले असते. म्हणूनच जुने आसन हे सामाजिक इतिहासाचे एक साधन ठरते. किल्ले, देशमुखी वतने आणि संस्थानी राजधानी या तिन्ही परंपरा भोर-वेल्हे परिसरात एकत्र आढळतात. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासासाठी तो विशेष उपयुक्त आहे. जुन्या आसनाची निवड त्याच्या सामाजिक इतिहासासह झाली पाहिजे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

जमिनीवरील बैठक : सदर आणि गादी

‘सदर’ हा शब्द मूळ अरबी असून ‘अग्रस्थान’ हा अर्थ त्यात अंतर्भूत आहे. मराठी राज्यव्यवहारात जेथे बसून कारभार पाहिला जाई ती जागा म्हणजे सदर. राजगडाच्या पद्मावती माचीवर सदर म्हणून दाखविल्या जाणाऱ्या वास्तूत पूर्वी जुना गालिचा व त्यावर लोड मांडलेला असे, असे सांगितले जाते. ती राजसदर नसून सरनौबताचे घर असावे, असेही एक मत आहे. वास्तूचा मूळ उपयोग काहीही असो, लोड मांडला की त्या जागेला सदरेची प्रतिष्ठा प्राप्त होते, ही लोकधारणा येथे महत्त्वाची आहे.

याच राजगडावरून मार्च १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्यास निघाले. १२ मे रोजी औरंगजेबाच्या दरबारात त्यांना मागील रांगेत उभे करण्यात आले. त्यांचा संताप या जागेवरून उसळला. मोगल दरबारात सरदारांनी उभेच राहावयाचे असल्याने रांगेतील स्थान हीच प्रतिष्ठेची मोजपट्टी होती. पुढे ६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराज सिंहासनारूढ झाले. स्वतंत्र सार्वभौमत्वाची घोषणा एका आसनाच्या द्वारे झाली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांना सचिवपद मिळाले. त्यांच्या वंशजांनी, म्हणजे पंतसचिवांनी, भोर येथे राज्य केले. या घराण्याच्या संदर्भात ‘गादीवर येणे’ हा प्रयोग अक्षरशः खरा होता. गादी, पाठीशी लोड आणि बाजूंना तक्के ही सत्तेची जागा. समोर अंथरलेल्या बैठकीवर मानकऱ्यांचा क्रम ठरलेला असे.

गावपातळीवर हीच व्यवस्था साध्या साधनांनी चालत असे. गोतसभा घोंगडीवर भरे. आसन साधे असले तरी बसण्याचा क्रम साधा नव्हता. टिळा, विडा आणि बैठक यांवरील मानपानाचे तंटे वतनी कागदपत्रांत वारंवार आढळतात. भोरजवळील कारीच्या कान्होजी जेधे यांना अफजलखान प्रसंगानंतर मानाचे पहिले पान मिळाल्याची परंपरा सांगितली जाते. मानाचा अग्रक्रम या प्रदेशात किती मोलाचा मानला जाई, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

खुर्चीचे आगमन

‘खुर्ची’ हा शब्द अरबी ‘कुर्सी’पासून फारसीमार्गे मराठीत आला. गोव्यात मात्र पोर्तुगीज ‘कादेइरा’वरून ‘कदेल’ हा शब्द रूढ झाला. तथापि अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत मराठी दरबारात खुर्चीला स्थान नव्हते. १७९० च्या तहाप्रसंगीच्या पेशवे दरबाराचे थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेले चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. सवाई माधवरावांसमोर इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट व त्याचे सहकारी त्यात जमिनीवरील बैठकीवर बसलेले दिसतात. यजमानाची बैठक पाहुण्याने स्वीकारली होती.

१८१८ नंतर हा संबंध उलटला. १८२० मध्ये पंतसचिवांचा कंपनी सरकारशी करार झाला आणि १८४९ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर भोर संस्थान थेट इंग्रजी अंमलाखाली आले. राजकीय अधिकाऱ्यांच्या भेटीगाठी व दरबार या निमित्ताने संस्थानिकांच्या वाड्यांत खुर्ची अपरिहार्य झाली. १८६९ मधील भोरच्या राजवाड्यात मराठा वाड्याची चौकरचना आणि युरोपीय वळणाचे घटक एकत्र नांदतात. वास्तूतील हा दुपेडीपणा संस्थानी आसनव्यवस्थेतही दिसतो. देवघर, पंगत आणि माजघर यांत पाट-चौरंग टिकले. दिवाणखान्यात खुर्च्या आल्या. दोन्ही पद्धती एकाच छपराखाली चालत राहिल्या.

या काळात तीन प्रकारच्या खुर्च्या विशेष प्रसार पावल्या. पहिली, मुंबईत बनणारी काळ्या शिसवाची कोरीव खुर्ची. दुसरी, लांब हातांची, वेताने विणलेली आरामखुर्ची. तिसरी, वाफेने वाकविलेल्या लाकडाची हलकी खुर्ची. मिखाएल थोनेट याने १८५९ मध्ये बाजारात आणलेला हा नमुना पुढे मुंबई-पुण्यातील इराणी हॉटेलांमुळे सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला. पहिल्या दोन प्रकारांतून वैभव व अधिकार व्यक्त होत असे. तिसऱ्याने मात्र चहाच्या पेल्याच्या किमतीत कोणालाही खुर्चीवर बसण्याची संधी दिली. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

बसण्याचा अधिकार

जुन्या आसनांचे कौतुक करताना त्यांवर कोणाला बसता येत नव्हते, हा प्रश्न बहुधा सुटून जातो. गोतसभेच्या महजरावर महार वतनदाराची निशाणी असे. परंतु अंथरलेल्या बैठकीवर त्याला इतरांसमवेत स्थान नसे. वाड्याची ओटी पुरुषांची आणि माजघर स्त्रियांचे, ही विभागणी होती. वडीलधाऱ्या पुरुषांसमोर सुनेने झोपाळ्यावर वा खुर्चीवर बसणे मर्यादेला सोडून मानले जाई.

शाळेतही हीच उतरंड होती. शिक्षकाला खुर्ची आणि मुलांना बस्करपट्टी. भोरच्या शेजारील साताऱ्यात विसाव्या शतकाच्या प्रारंभी शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना बसण्यासाठी स्वतःचे तरट घरून आणावे लागे आणि सायंकाळी ते परत न्यावे लागे, ही नोंद त्यांनी स्वतःच केली आहे. आसनांच्या इतिहासात शिसवाच्या कोरीव खुर्चीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व या तरटाला आहे. ते कोणत्याही बाजारात विकावयास येणार नाही. म्हणूनच त्याची आठवण इतिहासलेखनाने जपली पाहिजे.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. गादी गेली, आणि सत्तेचे प्रतीक म्हणून खुर्ची उरली. १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम व १९९३ पासून अमलात आलेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती यांमुळे सरपंचाच्या खुर्चीवर स्त्रिया आणि दलित यांचा कायदेशीर अधिकार प्रस्थापित झाला. ‘खुर्ची’ हा शब्द मराठीत पदाचा पर्याय बनला, तो उगीच नव्हे.

निवडीचे निकष

वरील पार्श्वभूमीवर घरासाठी जुने आसन निवडताना पुढील निकष उपयुक्त ठरतात.

१) रचना : आसन उलटे करून पाहावे. खाचेत कूस बसवून लाकडी खुंटीने पक्के केलेले सांधे हाताच्या कामाची साक्ष देतात. खालच्या न रंगविलेल्या भागावर वर्तुळाकार खुणा असतील तर लाकूड यांत्रिक गोल करवतीने कापलेले असते.

२) वेत : कडेला छिद्रे पाडून हाताने विणलेली जाळी आणि खाचेत दाबून बसविलेली तयार जाळी यांत भेद करावा. वेत बदललेला असणे हा दोष नव्हे. मूळ छिद्रे बुजविली असतील तर मात्र मोठा फेरफार झाला असे समजावे.

३) झीज : हाताची टोके, पुढील आडवी पट्टी आणि पाय येथील झीज वापराशी सुसंगत असावी. सर्वत्र सारखी झीज संशयास्पद असते.

४) हवामान : भोर-वेल्ह्याच्या दीर्घ पावसाळ्यात वेताला बुरशी आणि लाकडाला वाळवी लागते. भोके व ताजा भुसा दिसल्यास उपचाराशिवाय आसन घरात आणू नये.

५) उगम : आसन कोणत्या गावातून, कोणत्या प्रकारच्या घरातून, केव्हा आले, हे विचारून लिहून ठेवावे. हा निकष सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक महत्त्वाचा आहे. भाटघर, पानशेत, नीरा देवघर आणि गुंजवणी या धरणांमुळे या परिसरातील गावे विस्थापित झाली. उरलेले वाडे वाटण्या व दुरुस्तीच्या खर्चामुळे उतरविले जात आहेत. वाडा उतरला की आसन बाजारात जाते, आणि त्याची हकीकत मागे राहते.

६) कायदा : पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते व खासगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाही. परदेशस्थ आप्तांसाठी खरेदी करताना ही बाब ध्यानात घ्यावी.

निष्कर्ष

भोर-वेल्हे परिसरातील आसनांचा प्रवास सदरेवरील लोडापासून सरपंचाच्या खुर्चीपर्यंत झाला आहे. तो केवळ अभिरुचीचा नसून अधिकाराच्या स्थलांतराचा इतिहास आहे. उगमाची नोंद नसलेले आसन हे केवळ जुने लाकूड होय. नोंदीसह ते ऐतिहासिक साधन बनते. पुण्यात दिनकर केळकर यांनी नित्य वापरातील वस्तू जमवून उभारलेल्या संग्रहालयाने घरगुती वस्तूंचे इतिहासमूल्य सिद्ध केले आहे. प्रत्येक घर संग्रहालय होऊ शकत नाही; परंतु आसनाच्या तळाशी गाव, घर आणि वर्ष लिहिलेली एक चिठ्ठी डकविणे कोणालाही शक्य आहे. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून अशा नोंदी हाती घेतल्यास, वाडे उभे आहेत व त्यांत बसलेली माणसे सांगण्यास हयात आहेत तोवर हे काम होऊ शकेल. कोण कोठे बसत असे आणि कोणाला उभे राहावे लागे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या नोंदींत असावीत.