दुसरी बॅटरी

वज्रेश्वरीच्या माणसाने पाण्याचं रडगाणं गावं, हे बाहेरच्याला पटत नाही. दाराशी तानसा नदी, काठाला अकलोली-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं, आणि वर चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेतल्या नवसाचं देवीचं देऊळ. आलेला पाहुणा कुंडात आंघोळ करतो आणि म्हणतो, तुम्हाला काय कमी! खरं आहे. पाण्याची कमी नव्हतीच. नदी खाली आणि आमची वरकस जमीन वर, एवढीच अडचण. पण त्या एवढ्याशा अडचणीपायी आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या कमरा गेल्या.

याच तानसेवर वर शहापूर तालुक्यात इंग्रजांनी धरण बांधलं, ते 1892 साली पुरं झालं. तिथलं पाणी मोठ्या नळांतून उताराने मुंबईकडे निघालं. मुंबईकडे उतार आणि आमच्या माळाकडे चढ! जमिनीच्या उंचसखलावर रागावून तरी काय करणार.

आज्याच्या वेळी काठावरच्या वाडीला पाणी लाटेने काढत. दोन बेळक्यांचा खांब, त्यावर आडवं लाकूड, एका टोकाला धोंडा बांधलेला, दुसऱ्या टोकाला बांबू आणि डबा. डबा खाली ओढायला जोर लावायचा, वर येताना धोंडा मदत करतो. वसईकडे बागायतदारांचे रहाट होते, घाटावर बैलांची मोट होती. साधन वेगळं, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी, ती म्हणजे ताकद घरची होती. माणसाचा हात नाहीतर बैलाची मान. दोघांना भाकरी-चारा घातला की काम चालू. पण लाटेचं पाणी काठाच्या वाडीलाच पुरायचं. माळावर भात, नाचणी, वरी, पावसाने दिलं तेवढंच. दिवाळीनंतर माळ मोकळा.

मग इंजिन आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर केले. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. आमच्याकडे मात्र आलं ते राजकोटी बनावटीचं, विलायती लिस्टरच्या नमुन्यावरचं, दोन मोठ्या चाकांचं काळं धूड. चार जण धरल्याशिवाय जागचं हलायचं नाही. हँडल मारून चालू करताना पोरांना लांब उभं करत, कारण हँडल उलटं फिरलं तर मनगट जायचं. एकदा लागलं की त्याचा धुकधुक आवाज पार देवळापर्यंत.

इंजिन विहिरीत उतरवून मधल्या टप्प्यावर बसवलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते का, हे सांगायला नको. नव्या वाचकासाठी सांगतो. वर ठेवलेला पंप पाणी खेचत नाही. तो नळातली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. त्या ढकलण्याला मर्यादा आहे. हिशेबाने सुमारे दहा मीटर, प्रत्यक्षात सहा-सात. त्याच्या खाली पाणी गेलं की पंप कितीही मोठा आणा, नुसता फिरतो. इटलीत गॅलिलिओच्या काळात, म्हणजे सतराव्या शतकात, पंपवाल्यांना हीच अडचण आली होती. आमच्या बाबांना गॅलिलिओ ठाऊक नव्हता. ते म्हणायचे, "वरून वढून पानी येत नाय, पान्याजवल जावा लागतं."

इंजिनाबरोबर ताकद घराबाहेर गेली. बैलाला बांधावरचं गवत चालतं, इंजिनाला डिझेलच लागतं. पुढे विजेची मोटर आली, तीही आवडली. बटण दाबलं की पाणी! पण लोडशेडिंगच्या वर्षांत वीज यायची ती रात्री, कंदील घेऊन साप चुकवत बटण दाबायला जायचं. आणि खांब होते ते खालच्या शेतांपर्यंत. माळावर कनेक्शनचा विषय निघाला, निघाला आणि तिथेच राहिला. माळ तेवढा कोरडा. भिवंडीकडून गोदामं सरकत येत होती, एजंट दारात येऊन बसू लागले. पडीक जमिनीला दर चांगला मिळतो, हे खरं. त्यांना खोटं म्हणत नाही.

मुलाने माळावर आंब्याची चाळीस कलमं लावली. मी म्हटलं, "पाणी?" त्याने ओम्नी दाखवली. मागची सीट काढून तीनशे लिटरची टाकी, शेजारी फवारणीच्या पंपासारखा बारा व्होल्टचा छोटा पंप, आणि इन्व्हर्टरला असते तशी शंभर अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, पट्ट्याने घट्ट बांधलेली.

गाडीला तिची बॅटरी असताना ही दुसरी कशाला, हा प्रश्न मला आला, तसा तुम्हालाही येईल. शिशाची बॅटरी फ्रान्समध्ये प्लांते नावाच्या माणसाने 1859 साली केली. त्यातलं तत्त्व आजही तेच, पण पत्र्यांत फरक आहे. गाडीच्या बॅटरीत पातळ पत्रे पुष्कळ असतात. ती क्षणभर जोरात ताकद देते, स्टार्टर फिरवते आणि मोकळी. तिच्यावर तासन्‌तास पंप चालवला की ती रिकामी होते, आणि गाडी नदीकाठीच बसते. ट्युब्युलरची बांधणीच हळूहळू पुष्कळ वेळ देण्यासाठी. एक शर्यतीचा खोंड, दुसरा नांगराचा बैल.

हिशेबही बैलासारखाच ठेवावा लागतो. पंप तासाला पाच अँपिअर-अवर खातो आणि मिनिटाला पाच लिटर देतो, म्हणजे एक टाकी एका तासात. चाळीस कलमांना पंधरा-पंधरा लिटर, दोन टाक्या, आठवड्यातून एकदा. टाकी भरायला दुसरा छोटा पंप दोरीने डोहात सोडतो. पाण्याजवळ जावं लागतं, हे बाबांचं म्हणणं अजून सुटलेलं नाही. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, नाहीतर तिचं आयुष्य जातं. बारा व्होल्टला वायर जाड हवी, बारीक वायर तापते आणि पंप मरगळतो. बॅटरीजवळ फ्यूज, गाडीची काच उघडी. रात्री वीज असेल तेव्हा घरी चार्जिंग. वीज रात्री यायची म्हणून आम्ही शिव्या घालायचो. आता ती येऊन बॅटरीत बसते, आणि आम्ही झोपतो.

यावर पाच एकर ऊस भिजणार नाही, हे आधीच सांगतो. टाकीतलं पाणी नळीने वरच्या बांधावर चढवायचं, एवढीच त्या पंपाची ताकद. इंजिनाशी तुलना केली तर पोरखेळ. पण कलमाला पहिले दोन-तीन उन्हाळेच पाणी लागतं, मग मुळं आपलं बघतात.

विलायतेत म्हणे लोक सुट्टीत गाडीतच मुक्काम करतात आणि दिव्या-नळासाठी अशीच दुसरी बॅटरी ठेवतात. तिला तिकडे लेझर बॅटरी म्हणतात, म्हणजे फुरसतीची. मुलाने हे सांगितल्यावर त्याची आई नळीचं वेटोळं खांद्यावर टाकत म्हणाली, "मंग आपली उलटी हाय."

चाळीसपैकी सदतीस कलमं उभी आहेत. दोन वाळवीने नेली, एक गुरांनी. हा त्यांचा दुसरा उन्हाळा. एजंट परवा येऊन गेला. मुलगा माळावर होता, म्हणून बसला नाही.