न उगवलेला दिवस

संगणकावरील हिशेबाच्या तक्त्यांत, म्हणजे स्प्रेडशीटमध्यें, तारीख लिहिली असतां यंत्र तिच्या जागीं दिवसाचा अनुक्रमांक ठेवतें. एक्सेलच्या मोजणींत १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस. त्या हिशेबानें १५ ऑगस्ट १९४७ चा अंक १७,३९४ आणि २६ जानेवारी १९५० चा १८,२८९ होय. दोहोंमधील अंतर काढणारें सूत्र केवळ वजाबाकी करतें व ८९५ दिवस असें उत्तर देतें. लहानमोठ्या महिन्यांचा घोळ मध्यें येतच नाहीं.

ही युक्ति नवी नव्हे. लोटलेल्या दिवसांच्या अशा संख्येस आपले ज्योतिर्विद अहर्गण म्हणत. कलियुगारंभापासून मोजल्यास हा अंक फार मोठा होतो; म्हणून कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें, म्हणजे इ. स. १५२० सालीं, ‘ग्रहलाघव’ ग्रंथांत अकरा वर्षांचें ४,०१६ दिवसांचें चक्र योजून तो आटोपशीर केला.

परंतु अशा मोजणींत एक दिवसही अधिक धरून चालत नाहीं. १५८२ सालच्या ग्रेगरी पंचांगसुधारणेप्रमाणें शतकाचें वर्ष ४०० नें भागलें जात असेल तरच तें लीप वर्ष होतें. म्हणून २००० हें लीप वर्ष होतें, १९०० नव्हतें. १९८३ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेल्या ‘लोटस १-२-३’ नें मात्र १९०० हें लीप वर्ष धरलें, आणि ६० हा अंक २९ फेब्रुवारी १९०० ला, जगांत न उगवलेल्या दिवसाला, मिळाला.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलचा जन्म १९८५ सालीं मॅकिंटॉश यंत्रावर झाला. तेथें गणना १९०४ पासून असल्यानें हा प्रश्न उद्भवला नाहीं. १९८७ सालीं विंडोजवर येतांना, लोटसचे तक्ते जसेच्या तसे चालावेत म्हणून, ती चूकही स्वीकारण्यांत आली. त्यामुळें १ जानेवारी १९०० चा खरा वार सोमवार असतां एक्सेल रविवार सांगतें. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीपासून १ एप्रिलपर्यंत ५९ ऐवजीं ६० दिवस भरतात. दोन्ही गणनांचे तक्ते एकत्र केल्यास तर १,४६२ दिवसांची, म्हणजे चार वर्षें व एक दिवस इतकी, तफावत पडूं शकते. कर्जाची मुदत किंवा नोकरीचा काळ मोजणाऱ्यास ती थोडी नव्हे.

मग चूक दुरुस्त कां होत नाहीं? कारण तसें केल्यास सांठवलेल्या जवळजवळ प्रत्येक तारखेचा अंक एका दिवसानें सरकेल, आणि व्याज, वेतन व करार यांचे चालू हिशेब बिघडतील. एका दिवसाची चूक जपणें हें अगणित तक्ते मोडण्यापेक्षां स्वस्त ठरलें आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास मात्र आणखी एक मर्यादा जाणवते. लोकमान्य टिळकांची जन्मतारीख, २३ जुलै १८५६, एक्सेलमध्यें लिहिली तर तीं निव्वळ अक्षरें राहतात. त्यांस अनुक्रमांकच मिळत नाहीं. एकोणिसाव्या शतकाचा हिशेब करावयाचा असेल, तर अहर्गणाची जुनी रीत पुन्हां हातांनीं मांडावी लागते.