निजामाचे दप्तर

आयझॅक असिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’मध्ये ट्रँटर नावाचा राजधानीचा ग्रह आहे. सगळा ग्रह म्हणजे एकच शहर, एकच कचेरी. धान्य बाहेरच्या ग्रहांवरून येते आणि हुकूम इथून जातात. मराठवाड्यातल्या वाचकाला हे परके वाटू नये. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीसाठी हैदराबाद तसेच दूर होते.

त्यातून सत्ता दुमजली. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहाने निजाम इंग्रजांच्या पंखाखाली गेला. १८०३ मध्ये भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसले हरले. पुढे जालन्यात छावणी पडली. कंटिन्जंट फौजेचे अधिकारी इंग्रज, खर्च मात्र निजामाचा. तो थकला म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावे लागले. पहारेकऱ्याच्या पगारापायी घराची एक खोलीच गेली!

गावात मात्र शिपाई क्वचितच येई. तिथे येई तो कागद. सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. वर तालुकदार, खाली तहसीलदार. देशमुख-देशपांड्यांचा वसुलीचा हक्क काढला, बदल्यात रुसूम बांधून दिला. माझ्या मते यात मोठी चतुराई होती: ज्याचा अधिकार गेला, तोच दरसाल सरकारी रकमेची वाट पाहू लागला. पाटील-कुलकर्णी जागेवरच राहिले. कुलकर्ण्याचा हिशेब मोडीत. वरचा कारभार आधी फारसीत, १८८४ च्या सुमारास उर्दूत. कुणब्याच्या जमिनीबद्दल काय लिहिले आहे, हे त्याला दुसऱ्याने वाचून दाखवायचे. फौजेपेक्षा हे कितीतरी स्वस्त पडले.

लोकांनी एकत्र जमण्यावरही कागदच बसवला. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ने सभेला परवानगी सक्तीची केली. त्या काळात १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, याचे मोल म्हणूनच मोठे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थानची सत्ता संपली. दप्तर उरले. सेतवार, खासरा, मुन्तखब हे शब्दही उरले.

२९ ऑगस्ट २०२३ ला अंतरवाली सराटीत मनोज जरांगे उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि गावाचे नाव देशभर गेले. आरक्षणाची मागणी योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला खुणावते ते पुढचे. कुणबी असल्याचा पुरावा शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, ती निजामकालीन कागदांकडे वळली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेटियरचा आधार आला. सारा वसूल करायला आणि माणसे मोजायला ज्या नोंदी झाल्या, त्यांत आता नातू पणजोबाची जात शोधतो आहे. नोंद सापडली, तरी ती मोडीत किंवा उर्दूत असते, आणि वाचून दाखवणारा पुन्हा दुसराच कोणीतरी शोधावा लागतो.