सत्तावीस तास : पिंपरी पेंढारच्या न झालेल्या मुक्कामाचा घटनाक्रम

जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, माळशेज, नाणेघाट हे सगळं एका मुक्कामात जमण्यासारखं. पर्यटकांच्या मागोमाग ठगही येतात. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने भाविकांना आणि पर्यटकांना सावध केलं : खोटी संकेतस्थळं, फेसबुक पानं, गुगलवरच्या जाहिराती आणि व्हॉट्सॲप खाती यांतून मुक्कामाचं बुकिंग घेतलं जातं, पैसे मिळाले की फोन लागत नाही. खालचं कल्याणचं कुटुंब कल्पित आहे. फसवणुकीच्या पायऱ्या मात्र खऱ्या आहेत.

शुक्रवार, दुपारी ४.०० : २७ तास आधी

पावसाळ्यातली जोडून सुट्टी. आजीला लेण्याद्रीचा गिरिजात्मज बघायचाय, मुलांना पोहायचंय. आईला फेसबुकवर जाहिरात दिसते : पिंपरी पेंढार, अख्खा बंगला, खासगी पोहण्याचा तलाव, ८,००० रुपये. आसपास याच दिवसांचा भाव दुप्पट सांगितला जातोय. इथे पहिला प्रश्न पडायला हवा : भर हंगामात हा बंगला अजून रिकामा कसा?

दुपारी ४.२० : सुमारे पावणेसत्तावीस तास आधी

व्हॉट्सॲपवर नऊ फोटो येतात. निळं पाणी, मागे नारळाची रांग, कडेला तांबड्या जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत. जुन्नरचा दगड काळा. शिवनेरीचा कडा काळा, लेणी काळ्या कातळातली, शेताचे बांधही काळ्या दगडाचे. जांभा दिसतो तो मुख्यतः कोकणात. फोटो बहुधा तिकडच्याच एखाद्या घराचे उचललेत. गुगल लेन्सवर एक फोटो टाकला असता, तर मूळ घर सापडण्याची बरीच शक्यता होती. आईला फक्त मुलांचा आनंद दिसतो.

संध्याकाळी ५.०० : २६ तास आधी

फोनवरचा माणूस अदबीने बोलतो. "मॅडम, अजून दोन पार्ट्या थांबल्यात. निम्मे आत्ता टाका, तारीख तुमची." पत्ता विचारला, तर म्हणतो, "लोकेशन बुकिंगनंतर येतं." अशा वेळी गावच्या माणसालाच जमेल असा प्रश्न विचारावा : आळेफाट्याहून ओतूरकडे येताना घर कोणत्या हाताला? जवळची शाळा कोणती? मग म्हणावं, व्हिडिओ कॉल करा आणि फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत चालत दाखवा. खरा मालक दोन मिनिटांत दाखवतो. कृषी पर्यटन केंद्र म्हणवत असेल, तर पर्यटन संचालनालयाचं नोंदणी प्रमाणपत्रही मागता येतं. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात ती सोय आहे.

संध्याकाळी ५.१५ : पावणेसव्वीस तास आधी

आई ४,००० रुपये पाठवायला घेते. पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव वेगळं, हे वेगळं. "मॅनेजरचं खातं आहे," तो म्हणतो. ती पिन टाकते. या संपूर्ण घटनाक्रमात थांबायची सगळ्यात सोपी जागा हीच होती. नाव जुळत नसेल, तर पैसे पाठवायचे नाहीत. तो मोबाइल क्रमांक आणि यूपीआय आयडी सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर संशयितांच्या शोधात टाकूनही बघता येतो.

रात्री ८.०० : २३ तास आधी

पुन्हा फोन. "सुरक्षा ठेव ६,००० भरा, लगेच परत येते." भरली. "आकडा ५,९९९ हवा होता, सिस्टीममध्ये अडकलंय. परत टाका, दोन्ही एकदम येतील." तीही भरली. मग क्यूआर कोड येतो : "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." इथे बाबा फोन हातातून घेतात. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. १५,९९९ रुपये गेलेत. पण त्या माणसाच्या "सकाळी परत करतो" या शब्दावर घर झोपी जातं. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायची खरी वेळ हीच होती.

शनिवार, दुपारी १.०० : ६ तास आधी

सकाळी एक लोकेशन आलेलं असतं, त्यामुळे धीर येतो. मुरबाडमार्गे गाडी निघते. माळशेजला धुकं, धबधबे आणि गाड्यांची रांग.

संध्याकाळी ५.४५ : सव्वा तास आधी

ओतूर. "येतोय" सांगायला फोन लावला, तर बंद. व्हॉट्सॲपवरचा प्रोफाइल फोटोही गायब.

संध्याकाळी ७.००

लोकेशन उसाच्या फडाच्या कडेला संपतं. बंगला नाही, फाटक नाही. मोटर बंद करायला आलेले एक आजोबा गाडीच्या काचेशी वाकतात. "पाव्हणं, इथं असलं घर नाही. पोरांना खाली उतरवू नका. अंधार पडायच्या आत आळेफाट्याला जा." त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती नाही. जुन्नर वन विभागात बिबट्या उसातच वाढतो, आणि २०२४ साली याच गावच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेलेला आहे. बुडालेले पैसे हे नुकसानच. पण आजी आणि लेकरं अनोळखी शिवारात तिन्हीसांजेला अडकणं त्याहून मोठं.

संध्याकाळी ७.३०

बाबा १९३० ला फोन लावतात. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि तिथे शिल्लक असलेली रक्कम रोखता येते. म्हणून पहिल्या तासाचं मोल मोठं. इथे जवळजवळ अख्खा दिवस उलटलाय. एवढ्या वेळात असे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात आणि एटीएममधून काढले जातात. पिन स्वतः टाकलेला असल्याने बँकेकडून भरपाई मिळवणंही अवघड.

आपत्ती उसाच्या फडापाशी आली नाही. ती शुक्रवारी सव्वापाच वाजता, खातेदाराचं नाव वाचूनही बोट पुढे गेलं तेव्हाच आली. यात दुसरं नुकसान जुन्नरच्या शेतकऱ्याचं आहे. द्राक्षाच्या आणि कांद्याच्या बेभरवशाच्या भावाला जोड म्हणून ज्याने दोन खोल्या बांधल्या, त्याच्या खऱ्या घराकडेही आता लोक संशयाने बघणार. म्हणून बुकिंग सोडू नका, तपासून करा. मालकाला चार प्रश्न विचारा, घर व्हिडिओवर बघा, नाव जुळलं तरच थोडी आगाऊ रक्कम द्या आणि उरलेली पोचल्यावर द्या. फसलातच, तर लाजेपोटी रात्र घालवू नका. त्याच मिनिटाला १९३० लावा.