कार्ड खिशात, पैसे मात्र गेले : डेबिट कार्डाची माहिती चोरीस गेल्यास काय करावे?

मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसर तालुक्यात, नागपूर–छिंदवाडा मार्गावर बोरगाव हे औद्योगिक क्षेत्राचे गाव आहे. समजा, तेथील एका मराठी कामगाराचे घर बोरगावात आहे आणि बँकेचे खाते नागपुरात. मध्यरात्री त्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश येतो, की दूरच्या एका शहरातील एटीएममधून त्याच्या खात्यातले दहा हजार रुपये काढले गेले. कार्ड तर पाकिटातच आहे. मग तक्रार कोठे करायची? राहत्या गावी, नागपूरच्या शाखेत, की पैसे काढले गेले त्या शहरात? गोव्यात नोकरी करून सावंतवाडीच्या किंवा बेळगावच्या शाखेत खाते ठेवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न उभा राहू शकतो. त्याचे उत्तर शोधण्यात जे दोन-चार दिवस जातात, तेच ग्राहकाला सर्वांत महाग पडतात.

कार्ड न हलता पैसे कसे जातात?

कार्डाच्या चुंबकीय पट्टीवरील माहिती एटीएममध्ये किंवा दुकानातील यंत्रात बसवलेल्या छोट्या उपकरणाने टिपता येते आणि तिच्या आधारे बनावट कार्ड तयार करता येते. पिन छुप्या कॅमेऱ्याने पाहिला जातो. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागील तीन अंक हाती लागले, तर काही परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीविनाही खरेदी होऊ शकते. काही वेळा तर ग्राहकाकडून नव्हे, बँकेच्या किंवा तिच्या सेवापुरवठादाराच्या यंत्रणेतूनच माहिती बाहेर पडते.

२०१६ साली देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. एटीएम सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक संगणकप्रणाली शिरली होती. १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांनी एकूण सुमारे १ कोटी ३० लाख रुपये गेल्याच्या तक्रारी केल्याचे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने त्या वेळी सांगितले.

त्याहून मोठा घाला पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर पडला. ११ ऑगस्ट २०१८ रोजी काही तासांत बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढण्यात आले. भारतात ज्या शहरांत पैसे निघाले, त्यांत कोल्हापूरही होते. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतील खात्यात वळवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख. हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेसारखीच बनावट यंत्रणा उभी करून पैसे देण्याची मंजुरी तिच्याकडून मिळवली होती. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही. नुकसान बँकेचे झाले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. पैसे गेले म्हणजे चूक ग्राहकाचीच, हा समज किती फोल आहे, हे या दोन प्रकरणांवरून दिसते.

नुकसान कोणी सोसायचे?

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याची चौकट घालून दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सहकारी बँकांनाही लागू केली. त्या चौकटीत तीन प्रकार येतात.

पहिला प्रकार बँकेच्या चुकीचा, निष्काळजीपणाचा किंवा संगनमताचा. येथे ग्राहकाने तक्रार केली असो वा नसो, त्याच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही.

दुसरा प्रकार असा, की चूक ना बँकेची ना ग्राहकाची. माहिती तिसऱ्याच ठिकाणाहून फुटली. येथे दिवस मोजले जातात. बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपये आणि इतर बचत खात्यांसाठी १०,००० रुपये ही कमाल मर्यादा; व्यवहाराची रक्कम त्याहून कमी असेल, तर तेवढीच. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण लागू होते. हे दिवस खाते असलेल्या शाखेच्या कामकाजाप्रमाणे मोजतात आणि संदेश मिळाल्याचा दिवस त्यांत धरत नाहीत.

साध्या बचत खात्यातून ४०,००० रुपये गेले असतील, तर तिसऱ्या दिवशी कळवणाऱ्याला काहीच सोसावे लागत नाही. पाचव्या दिवशी कळवणाऱ्याला १०,००० रुपये सोसावे लागू शकतात. आठव्या दिवशी ही हमीही उरत नाही.

तिसरा प्रकार ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा. पिन, पासवर्ड किंवा ओटीपी स्वतःच दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान ग्राहकाचे. मात्र कळवल्यानंतर जे व्यवहार होतील, त्यांची जबाबदारी बँकेची. म्हणूनच चूक झाली असली, तरी लाजेपोटी गप्प बसणे तोट्याचेच ठरते.

ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, हेही लक्षात ठेवावे. बँकांनी आपले चालू धोरण प्रसिद्ध करावे असे बंधन आहे. तक्रार करताना ते मागून घ्यावे.

पहिल्या तासात काय करावे?

१. बँकेच्या अ‍ॅपवरून किंवा कार्डामागे छापलेल्या क्रमांकावरून कार्ड तत्काळ बंद करावे. शाखा उघडण्याची वाट पाहू नये. ही सोय चोवीस तास उपलब्ध ठेवणे बँकांना बंधनकारक आहे. ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तेथे भामट्यांनी पेरलेले खोटे क्रमांक आढळतात.

२. त्याच संभाषणात तो व्यवहार आपण केलेला नाही, अशी तक्रार स्वतंत्रपणे नोंदवावी. केवळ कार्ड बंद करणे म्हणजे तक्रार नव्हे. तक्रार क्रमांक, तारीख व वेळ लिहून ठेवावी.

३. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार भरावी. पैसे ज्या खात्यांत वळवले गेले, तेथे ते रोखण्याची खटपट याच मार्गाने होते. रोखलेली रक्कम परत मिळवण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो.

४. बँकेचे संदेश पुसू नयेत. खात्याचा उतारा काढून घ्यावा. त्या वेळी आपण कोठे होतो, याचा पुरावा असल्यास जपावा. कार्ड बोरगावात आणि पैसे निघाले परमुलखात, हे दाखवता आले, तर बनावट कार्डाचा दावा भक्कम होतो.

५. शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. तोंडी सांगणे नंतर सिद्ध करता येत नाही.

कोणत्या पोलीस ठाण्यात जावे?

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती तो कोठेही घडला असला, तरी कोणत्याही ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही ती पाठवता येते. मात्र तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. त्यामुळे बोरगावच्या कामगाराने नागपूरला धाव घेण्याची आवश्यकता नाही आणि गोव्यातील खातेदाराने बेळगावला जाण्याची नाही. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाल्यास या कलमाचा उल्लेख करावा. बँकेच्या तक्रारीसाठी मात्र पोलिसांच्या कागदाची वाट पाहू नये. दोन्ही कामे एकाच वेळी करावीत.

बँकेने दाद दिली नाही तर

२०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातील रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. बँकेने तक्रार फेटाळली, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे वेळ न दवडता जावे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून यासाठी देशभर एकच योजना असून, खाते कोणत्या राज्यात आहे हा प्रश्न तेथे उरत नाही. शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

आज करून ठेवण्याजोगे

ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार स्वतः बंद-चालू करण्याची व दैनंदिन मर्यादा ठरवण्याची सोय बँकांनी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०२० पासून लागू आहे. परदेशी व्यवहार करीत नसल्यास तो पर्याय बंदच ठेवावा. भ्रमणध्वनी क्रमांक बदलला असेल, तर बँकेत आजच नोंदवावा. कारण पैसे गेल्याचा संदेश जुन्या क्रमांकावर गेला, तर त्या तीन दिवसांतला पहिला दिवस कधी उगवला, हेच आपल्याला कळणार नाही.