केळकरांचे अडकित्ते

संग्रहाची हौस ही राजेरजवाड्यांची किंवा धनिकांची, असा आपल्याकडे समज आहे आणि तो अगदीच निराधार नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम) कलावस्तूंचा मोठा भाग शेठ पुरुषोत्तम मावजी, सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेला आहे. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचे (१८९६-१९९०) प्रकरण मात्र निराळे. चष्म्याच्या दुकानाचा व्यवसाय आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणे, असा दुहेरी संसार असलेले हे गृहस्थ १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवू लागले. १९६० पर्यंत त्यांच्याकडे सुमारे पंधरा हजार वस्तू झाल्या होत्या.

संख्येपेक्षा निवड अधिक बोलकी आहे. दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्री, कोरीव दरवाजे, वाद्ये. यांतील बहुतेक वस्तूंना त्या काळी कोणी 'कला' म्हटले नसते. घरोघरी वीज आली, पुढे स्टीलची भांडी आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले पितळ वजनावर मोडीत जाऊ लागले. इतरांनी सहजपणे सोडून दिले म्हणूनच केळकरांना जमवता आले, हे विसरता येत नाही. ज्याला आपण संग्राहकाची आसक्ती म्हणतो, ती येथे समाजाच्या बेफिकिरीची दुसरी बाजू होती.

संग्रहालयाच्या नावातील 'राजा' हे अनेकांना बिरुद वाटते. वस्तुतः ते केळकरांच्या बालवयातच गेलेल्या मुलाचे नाव. त्यामुळे या साऱ्या खटाटोपाचे मूळ पुत्रशोकात शोधण्याचा मोह होतो. मला ते पुरेसे वाटत नाही. एकाच अडकित्त्याची नाना रूपे, कोठे मोर, कोठे घोडा, कोठे स्त्रीपुरुषांची जोडी, शेजारी शेजारी मांडणाऱ्याच्या मनात शोकाइतकेच निखळ कुतूहलही असले पाहिजे. सुपारी कातरण्यासाठी इतकी कलाकुसर कशाला, हा प्रश्न एक अडकित्ता पाहून पडत नाही. पन्नास पाहिल्यावर पडतो.

१९७५ मध्ये केळकरांनी हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. वॉल्टर बेंजामिनने १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहावर लिहिताना एक अडचणीचा विचार मांडला आहे: सार्वजनिक संग्रह अभ्यासाला अधिक उपयोगी असतील, पण वस्तूंना खरा न्याय मिळतो तो खाजगी संग्रहातच. केळकरांचे दान याच पेचात उभे आहे. एखादी समई कोणत्या गावातून, कोणत्या वाड्यातून, किती मिनतवाऱ्यांनी मिळाली, हे मालकाला तोंडपाठ असते. वस्तू सुपूर्द करता येते. तिच्याभोवतीची ही बोलकी माहिती नोंदवहीत फार थोडी उतरते.

तरीही न देणे हा पर्याय नव्हता. वारसांत वाटणी झाली असती तर पन्नास अडकित्त्यांचे पुन्हा एकेक अडकित्ते झाले असते. केळकरांनी मालकी सोडली, वस्तूंचे एकत्र असणे सोडले नाही, आणि मुलाचे नावही सोडले नाही. याला विरक्ती म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. दानानंतर ते आणखी पंधरा वर्षे जगले. आज वीस हजारांवर गेलेल्या या संग्रहातील सुमारे अडीच हजार वस्तूच दालनांत मांडलेल्या असतात. बाकीच्या कोठीत आहेत.