बुकी, लापँ आणि वेडा झाँ: केजन कथांचा प्रवास

अमेरिकेच्या दक्षिणेला लुइझियाना राज्यात दलदल, संथ खाड्या आणि माळरानांचा एक मोठा पट्टा आहे. तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या समाजाने तोंडी जपलेल्या गोष्टींना केजन लोककथा म्हणतात. केजन लोकांचे पूर्वज फ्रान्समधून सतराव्या शतकात आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया भागात, म्हणजे तेव्हाच्या अकेडियात, स्थायिक झाले होते. १७५५ साली ब्रिटिशांनी त्यांना घरादारातून हुसकून जहाजांत कोंबले. कुटुंबांची ताटातूट झाली आणि अनेकांचा वाटेतच अंत झाला. १७६५ साली जोसेफ ब्रुसार यांच्या नेतृत्वाखाली एक मोठा गट लुइझियानात पोहोचला. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांनी आणखी सुमारे १,६०० अकेडियन माणसे आली. जमीन, गुरे, अवजारे सारे मागे राहिले होते. उरल्या त्या आठवणी, गाणी आणि गोष्टी.

पण या कथांचे मूळ फक्त फ्रान्स आणि अकेडियात शोधणे अन्यायाचे ठरेल. १७१९ पासून लुइझियानात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी फार मोठा वाटा सेनेगल आणि गांबिया नद्यांच्या खोऱ्यांतला होता. तिथल्या वोलोफ भाषेत बुकी म्हणजे तरस. हा तरस अटलांटिक ओलांडून आला आणि फ्रेंच नाव घेतलेल्या लापँची, म्हणजे सशाची, त्याच्याशी जोडी जमली. लुइझियानात तरस नाही. त्यामुळे बुकी म्हणजे नक्की कोणता प्राणी, हे पुढच्या पिढ्यांतल्या अनेक कथेकऱ्यांना सांगता येईना. स्वभाव मात्र पक्का राहिला: बुकी दांडगा, हावरा, भाबडा, लापँ लहानखुरा आणि कमालीचा चलाख. या प्राणिकथा मुख्यतः क्रिओल, म्हणजे फ्रेंच वळणाची बोली बोलणाऱ्या कृष्णवर्णीय, कुटुंबांनी टिकवल्या, आणि त्यांचे श्रेय त्यांनाच द्यायला हवे.

या गोष्टी कागदावर आणण्याचे पहिले मोठे काम न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातील प्राध्यापक आल्से फोर्तिए यांनी केले. त्यांचा लुइझियानातील लोककथांचा संग्रह १८९५ मध्ये अमेरिकन फोकलोअर सोसायटीने प्रसिद्ध केला. त्यात क्रिओल बोलीतले मूळ कथन आणि त्याचे इंग्रजी भाषांतर, दोन्ही आहे. संग्रहातल्या एका गोष्टीत हत्ती आणि देवमासा आपल्या ताकदीच्या बढाया मारत असतात. लापँ ते ऐकतो. तो एक दोर आणतो, त्याचे एक टोक हत्तीला आणि दुसरे देवमाशाला बांधतो आणि चिखलात रुतलेली गाय ओढायची आहे अशी दोघांनाही थाप मारतो. समोर कोण आहे हे कळत नसल्याने दोघे जिवाच्या आकांताने ओढत राहतात. लुइझियानाच्या गोष्टीत हत्ती यावा, यातच तिचा प्रवास दिसतो. अशीच ओढाताण पश्चिम आफ्रिकेतल्या कथांत हत्ती आणि पाणघोड्यात होते, आणि दोघांना झुंजवणारा कुठे ससा असतो, कुठे कासव.

फोर्तिए यांच्या संग्रहात डांबराच्या बाहुल्याची गोष्टही आहे. पाणी चोरणाऱ्या लापँला पकडायला डांबर फासलेला बाहुला उभा करतात. लापँ त्याला मारतो आणि हात, मग पाय, असे करत पुरता चिकटून बसतो. सुटायला तो विनवतो, ‘काहीही करा, पण मला काट्यांत टाकू नका,’ आणि नेमका तिथेच टाकला गेल्यावर पळून जातो. या कथेच्या उगमावर अभ्यासकांत दीर्घ वाद झाला. ऑरेलिओ एस्पिनोसा यांनी १९३० मध्ये तिचा धागा भारतापर्यंत नेला. पंचावुध जातकात राजपुत्राचे हातपाय राक्षसाच्या चिकट केसांना असेच एकेक करून चिकटतात. इतरांना मात्र तिचे मूळ आफ्रिकेतच दिसते. लुइझियानात ती आफ्रिकी माणसांच्या तोंडून आली, हे महत्त्वाचे.

फ्रेंच वारशाकडून आलेला लाडका नायक म्हणजे झाँ सो, वेडा झाँ. तो सांगितलेले अक्षरशः पाळतो. ‘निघताना दार ओढून घे,’ असे आई म्हणते, तर हा दार बिजागऱ्यांवरून उपटून ओढत नेतो. रात्री दारासकट झाडावर चढतो, आणि ते हातातून निसटून खाली लूट वाटत बसलेल्या चोरांवर आदळते. चोर पळतात, लूट झाँच्या पदरात पडते. याशिवाय दंतकथा होत्या: उपासाचा काळ न पाळणाऱ्याचा होणारा लांडगा-माणूस, म्हणजे रूगारू, दलदलीत वाट चुकवणारा फिफोलेचा उजेड, आणि अकेडियन लोकांच्या मागे पोहत आलेला, वाटेतल्या हालांनी आक्रसून चिंगाटीएवढा झालेला शेवंडा.

गोष्टींची खरी जागा रात्रीच्या बैठकीत होती. शेजारी एका घरी जमत, कॉफी होई, पत्ते रंगत, मुले पेंगेपर्यंत गोष्टी चालत. कथेकऱ्याला पाठांतर नको असे, सांगाडा पुरे. राजाचा वाडा तो ओळखीच्या शेतघरासारखा उभा करी, प्रसंगाला आपल्या खाडीचे नाव देई, श्रोते कंटाळले की गोष्ट आवरती घेई. मामू गावात पास्कालच्या गोष्टींनी ही कला टोकाला नेली. पुरुष मंडळी जमली की एकजण पास्कालच्या अचाट प्रवासाची थाप सुरू करी. बाकीचे अडवत, शंका काढत, आणि सांगणाऱ्याने जागच्या जागी त्याहून मोठी थाप मारून उत्तर द्यायचे. गोष्ट सर्वांची मिळून होई आणि दुसऱ्या दिवशी तशीच पुन्हा सांगता येत नसे.

छापील मजकुरातून उलट वाटेने लोकांत आलेली कथाही आहे. लाँगफेलो या अमेरिकन कवीने १८४७ मध्ये ‘इव्हँजेलिन’ हे अकेडियन ताटातुटीवरचे दीर्घकाव्य लिहिले. लुइझियाना त्याने कधी पाहिलेही नव्हते. १९०७ मध्ये फेलिक्स वूर्हीज यांनी आजीच्या आठवणी म्हणून मांडलेल्या पुस्तकात हीच नायिका एमेलीन लाबिश या नावाने ‘खरी’ झाली. सेंट मार्टिनव्हिलला तिचा पुतळा आणि तिच्या नावाचा ओकवृक्ष आहे. कार्ल ब्रासो या इतिहासकाराने कागदपत्रे तपासून या कहाणीला आधार नसल्याचे दाखवले, पण ज्यांच्या पूर्वजांची ताटातूट खरोखर झाली होती त्यांना ती आपलीच वाटली, याचे नवल नाही.

परंपरेला सर्वांत मोठा धक्का शाळेतून बसला. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेने शिक्षणाची भाषा फक्त इंग्रजी ठरवली. फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. ती मुले मोठी झाल्यावर त्यांतल्या अनेकांनी आपल्या लेकरांशी फ्रेंच बोलणेच टाळले, आणि आजीची गोष्ट नातवाला कळेनाशी झाली. ही हानी भरून निघालेली नाही. त्याच काळात कॅल्व्हिन क्लॉडेल आणि कोरिन सोसिए यांनी गोष्टी गोळा केल्या. सोसिए यांचा आव्हॉयेल भागातील कथांचा संग्रह १९६२ मध्ये आला. १९६८ साली फ्रेंचच्या संवर्धनासाठी राज्याने कोडोफिल ही संस्था स्थापन केली.

पुढच्या पिढीत लाफायेतच्या विद्यापीठातील बॅरी जाँ आन्सले ध्वनिमुद्रक घेऊन हिंडले. जुन्या संग्राहकांचा ओढा परीकथा आणि प्राणिकथांकडे होता. आन्सले यांना दिसले की त्या विरळ होत चालल्या आहेत, पण विनोद, थापा आणि पास्कालच्या गोष्टी जोमात आहेत. त्यांनी या जिवंत गोष्टींनाही तेवढेच मोल दिले, हा त्यांचा मोठा वाटा. त्यांचे १९९४ चे केजन आणि क्रिओल लोककथांचे पुस्तक मूळ बोलीतले कथन इंग्रजी भाषांतरासह देते आणि कथेकऱ्यांचा परिचयही करून देते. त्याआधी, १९९२ मध्ये, जे. जे. रेनो या कथाकार-गायिकेने याच कथा मंचावर आणि मुलांसमोर सांगण्याजोग्या इंग्रजीत मांडल्या होत्या. आन्सले यांच्या पुस्तकात आवाज जपला आहे, रेनो यांच्या मांडणीत गोष्टीची धाव. फ्रेंच न येणाऱ्या नातवंडांपर्यंत लापँ पोहोचायचा तर दोन्हींची गरज होती. जोमात असलेल्या विनोदांचीही भाषा बदलली: बुद्रो आणि तिबोदो या केजन जोडगोळीचे विनोद आता बहुतेक इंग्रजीतच ऐकू येतात.